सीलला ओरडून सांगायचं म्हणजे

...आणि ओरडायचं म्हणजे नेमकं काय ओरडायचं, हे कुणी सांगेल की नाही? "अगं, काहीही ओरड!" सासूबाई म्हणाल्या. काहीही! तुम्हाला सांगते, मी मुळात कमी बोलणारी. माहेर आतल्या माळावरचं, कॅरिबू हरणांवर जगणारं. तिथे पोर शिंकलं तरी बाप डोळे वटारतो, कळप उधळेल म्हणून. आणि लग्न करून आले ती कुठे? तर गोठलेल्या समुद्रावर उभं राहून बोंबलायला!

त्याचं असं झालं, मामंजी अंथरुणाला खिळलेले. दुकानातलं डब्यातलं सूप तोंडाशी नेलं की मान फिरवायचे. "सीलचा रस्सा झाला की उठवा मला," बस्स, एवढंच. आता सील काय दारात येऊन बसतो? तो बर्फाखाली. पण मासा थोडाच आहे, त्याला श्वास हवाच! म्हणून बिचारा सबंध हिवाळा पुढच्या पंजांच्या नखांनी बर्फ खरवडून भोकं उघडी ठेवतो, आणि एक नाही, चांगली पाच-सहा! त्यातल्या कुठल्याला तो वर येणार, कोण सांगणार? म्हणून एकापाशी माझा नवरा कुब्लू, भाला धरून, पापणीसुद्धा न हलवता. आणि बाकीच्यांवर आम्ही बायका, पाय आपटत, आरडाओरडा करत... की बाबा, इथे नको, तिकडे जा.

मी आपलं हळूच म्हटलं, "हुश."

मुळात कमी बोलणारी ना!

आणि पायाखालून आवाज आला... फूऽऽ. गरम, माशांचा वास असलेला श्वास, दमून घरी आलेल्या माणसाचा असतो तसा. त्याचं सगळं जगणं या पाच-सहा भोकांवर, आणि मी त्याला जा म्हणायचं? कुठे, ते मला ठाऊक असताना? मी आपली वाकून बघत राहिले. त्यानं पोटभर श्वास घेतला न् गेला.

"आला होता ना?" सासूबाई लांबून ओरडल्या. "पाहुणा म्हणून बसवलास का गं त्याला? चहा तेवढा राहिला!" मग जवळ आल्या न् एकदम हळू म्हणाल्या, "म्हातारा उपाशी आहे, पोरी."

तो पुन्हा आला तेव्हा मी तोंड उघडलं... आणि तुम्हाला सांगते, काय निघालं म्हणता! "माझे शिवणाचे टाके वाकडे तर वाकडे! कुब्लू किती घोरतो! मला आईची आठवण येते! इथे कुणी मला काही विचारत नाही! आणि मामंजींनी मरायचं नाही! आत्ताच तर आलेय मी!"

खाली पाणी डुचमळलं. तिकडे कुब्लूचा भाला सप्पकन गेला.

बर्फावर आवाज लांब जातो. सगळं ऐकलं होतं सगळ्यांनी. मेलेला सील वर ओढला, तशी सासूबाईंनी मला तिथे नेऊन मूठभर बर्फ माझ्या तोंडात कोंबला, म्हणाल्या, "वितळव. पाज त्याला, मारलेल्या सीलला आधी गोडं पाणी द्यायचं असतं. जन्मभर खाऱ्या पाण्यात, तहानलेला असतो तो." त्याच्या पाठीवरच्या राखाडी वलयांवर हात ठेवून मी पाजलं.

रात्री मामंजी रस्सा प्यायले. थोडासाच. कुब्लूनं माझी नक्कल करून दाखवली, अगदी "घोरतो"सकट, तर ते हसले, खोकले, पुन्हा हसले. मग मला खुणेनं जवळ बसवलं. "पुढचं सांग. आता मी विचारतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला, तुम्हाला सांगते, एक शब्द सुचेल तर शपथ! सगळं तिथेच संपलं होतं, सीलपाशी.

मुळात कमी बोलणारी ना मी... मग नुसतीच बसून राहिले, त्यांचा श्वास ऐकत.