गवतवाल्या बायांचा खोका

माझं माहेर डोळखांबकडं, पाड्यावरचं, आणि मला दिलं वाशिंदच्या पलीकडं, तेव्हा इथं सगळी भातशेती होती, आता गोडाऊनं झालीत. आमचं शेत सासऱ्यांनी गोडाऊनवाल्याला दिलं तेव्हा बोली झाली, घरटी एकाला नोकरी, ती आमच्या यांना लागली, आणि हे शिडीवरनं पडले, कमरेतनं गेले, ते आजपावतर बाजेवर हायत. मंग त्यांच्या जागी मी. शेत गेलं ते या नोकरीवर गेलं, नोकरी सोडायची नाय, असं सासरे मरताना पण बोलले.

काय सांगू तुमाला, गोडाऊनात पोती नायत, माल नाय, नुसते कागद. कंपन्यांचे, बँकांचे जुने कागद खोक्यांत भरून ठेवलेत, छतापावतर रॅक, खिडकी एक नाय. फोन गेटवर काढून घेतात. दरवाजा सुपरवायझरच्या कार्डानं उघडतो, तो जेवायला गेला का आमी आतच. प्रत्येक खोक्यावर स्टिकर, त्यावर नंबर, नंबर सांगतील तो खोका काढायचा, परत ठेवायचा. आत काय हाय ते बघायचं नाय, तशी सही घेतलीय.

त्यात इंग्रजांच्या वेळच्या एका बँकेचे खोके होते. कॉलेजातल्या एक मॅडम परवानगी घेऊन आल्या, बोलल्या, इंग्रजांच्या बँका इकडं कशा चालायच्या त्यावर लिहितेय. मला त्यांच्याजवळ बसवलं, त्या कागद चोरू नयेत म्हणून. त्या वाचायच्या, गावाचं नाव लागलं नाय का मला विचारायच्या, ताई, हे मुरबाडकडचं का शहापूरकडचं, आणि मी सांगायची. बँकेचा गोरा साहेब पत्र लिहायचा, शहापूरचं भात एवढं, साग एवढा, कोळसा एवढा, आणि गवत. मुंबईतल्या घोड्यांना गवत आमच्या डोंगरातनं जायचं, खर्डीला वॅगनी भरायच्या. मला काय ठाऊक होतं. मी बोलले, गवत तं माझ्या आईनं पण कापलंय.

मंग एक यादी निघाली, मोडीत लिहिलेली. गवताच्या ठेकेदारानं बँकेला दाखवायला जोडलेली, माझ्याकडं एवढ्या बाया कामाला हायत म्हणून. मॅडमनी वाचली. सोनी, ठकी, भागी, आणखी कितीतरी, आणि प्रत्येकीपुढं अंगठा. माझ्या माहेराच्या पाड्याचं नाव त्यात होतं. एकीच्या अंगठ्यावर आडवी रेघ, विळ्याची ती, गवत कापणारीला विचारावं लागत नाय. आमच्यासारख्यांची नावं कोण लिहितं ओ? मला रडू आलं, मॅडमनी पाणी दिलं.

फोटो काढायला वरच्या ऑफिसचं पत्र लागतं. मॅडम बोलल्या, मी पत्र आणते, तोवर हा खोका कुठं जाऊ देऊ नका.

त्या गेल्या आणि ऑफिसातनं दुसरीच यादी आली, खोक्यांच्या नंबरांची. मुदत संपलेले खोके मशीनमधनं काढायचे, बारीक पट्ट्या करून टाकायचे. त्यात हा नंबर. मी सुपरवायझरला बोलले, मॅडम येणार हायत, थांबा जरा. तो बोलला, मावशी, नंबर आला का खोका जातो, तुमी कशाला डोकं लावता. वाईट माणूस नाय तो, त्याची पण नोकरी हाय.

मी काय केलं, बाजूला कोऱ्या फॉर्मांचा खोका होता, दोघांची स्टिकरं नखानं सोडवली आणि अदलाबदल केली. कोरे फॉर्म मशीनमध्ये गेले. कोणी बघितलं नाय.

मॅडम पत्र घेऊन आल्या. सुपरवायझरनं काँप्युटर बघितला, बोलला, नष्ट केलाय. मी तिथंच उभी. मॅडम माझ्याकडं वळल्या, हळूच बोलल्या, ताई, मी तुमाला सांगून गेले होते ना.

खरं बोलले तं नोकरी गेली, शेत तं आधीच गेलंय, यांचं औषधपाणी कशावर. मी खोके रॅकवर लावायला लागले. त्या गेल्या, परत आल्या नायत.

आता तो खोका कोऱ्या फॉर्मांच्या नावानं वरच्या फळीवर हाय, माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाय. नोकरी सोडावी तं तो कायमचा हरवला. राहावं तं कोऱ्या फॉर्मांची पण मुदत हाय, एखाद्या यादीत तो नंबर येणार, आणि मीच तो ढकलत मशीनकडं नेणार. दर वेळी यादी आली का मी पहिला तोच नंबर बघते. बाहेर आणावा तं गेटवर पिशवी उलटी करतात. यांना पण सांगितलं नाय, बाजेवर पडलेला माणूस, उगा घोर लावून घेईल.

तुमी हे लिहा, पण माझं नाव, गावाचं नाव घालू नका. मॅडम कुठं भेटल्या तं एवढंच सांगा, बायांचे अंगठे अजून शाबूत हायत. कुठं हायत ते नका सांगू. त्यांचं पुस्तक चांगलं होवो, लेकराबाळांत सुखी राहोत. मला आता कामावर निघायला पायजे, दरवाजा बंद व्हायचा टाइम झाला.