पाच-नऊ

सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे सुनीती मासिक उघडून बसली होती, पण कान होते शेजारच्या काका-काकूंकडे.

"अहो, काल तुमच्या त्या हॅम रेडिओच्या स्पर्धेत त्या जपान्याला काय सांगितलंत?"

"पाच-नऊ. म्हणजे आवाज एकदम स्वच्छ येतोय."

"आणि लगेच त्याचं नाव तीनदा विचारलंत!"

"नाव नव्हे, कॉलसाइन, परवान्यावरची सांकेतिक ओळख. रेडिओवर खरखर होती."

"मग स्वच्छ कसा?"

"स्पर्धेत सगळ्यांना पाच-नऊच सांगतात. रीतच आहे. जास्तीत जास्त लोकांना गाठायचं असतं, खरं सांगत बसलं तर वेळ जातो."

"आणि मी बोलले की 'ऐकतोय, ऐकतोय' म्हणता, ते?"

"तुला तर कायम पाच-नऊ!"

"कळलं. उठा आता, मघापासून तुमचंच नाव पुकारताहेत."