पिकअपचा पाव फेरा

आता मला सांगा, गेली तीन वर्षं मी ती बेस गिटार वाजवतेय आणि आमच्या जावयांना आत्ता, कार्यक्रम चार दिवसांवर आल्यावर कळतंय की ती ऐकूच येत नाही? जावई म्हणजे आमच्या नणंदबाईंचे यजमान. ते कीबोर्डवर, नणंदबाई गातात, आमचे हे ड्रम बडवतात... वाजवतात, आणि मी बेसवर, कारण बाकी सगळं वाटून झालं होतं. घरचाच बँड आहे आमचा. आणि जावई म्हणतात कसे, अगदी मधाळ आवाजात, "वहिनी, तुम्ही कशाला दगदग करता? बेसचं मी डाव्या हातानं बघून घेईन." डाव्या हातानं! मी तीन वर्षं दोन्ही हातांनी करतेय ते.

तुम्हाला सांगते, मी वाद घालत नाही. गिटार उचलली आणि दुकानात नेली. दुकानदारानं तार छेडली, मान वाकडी करून ऐकलं, म्हणाला, "ताई, पिकअप खाली बसलाय." पिकअप म्हणजे तारांखालची ती काळी पट्टी. आत लोहचुंबक असतं, वर तार हलली रे हलली की ही जाऊन स्पीकरला सांगते, आमच्या समोरच्या शेजारणीसारखी. पण लांब बसली की अर्धंच कळतं तिला, मग सांगणार काय? दोन टोकांना दोन स्क्रू असतात. "घरीच करा," म्हणाला, "दोन्हीकडून पाव फेरा वर घ्या, वाजवून बघा, मग पुढचा. पण पाव फेराच हं."

पाव फेरा. एवढंच तर होतं.

शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. पाव फेरा, वाजवलं. पाव फेरा, वाजवलं. जाड तार तोंड उघडायला लागली होती हो, तेवढ्यात हे आले. ह्यांना कुठलीच गोष्ट पाव आवडत नाही. "हे काय चिमटी-चिमटीनं चाललंय, दे इकडे." आणि फिरवला, फिरवला, जसा काही गळका नळ आवळतायत... पिकअप चढला तो तारेच्या नाकाशी! आता चुंबकच ते, तारेला ओढणार नाही तर काय करणार? तार मोकळी हलेना, एका सुराचे दोन व्हायला लागले, दोन्ही एकमेकांवर रुसलेले, आणि जरा जोरात छेडली की खाली आपटून खट्ट. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बघ, कसा दमदार झाला." दमदार? मला तर दमेकरी वाटला.

मग ह्यांना चहा करायला पाठवलं आणि सगळं उतरवून पहिल्यापासून. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांतल्या अगदी शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची, खाली पिकअपपर्यंत किती फट राहिली ते बघायचं, पाव फेरा, वाजवायचं, परत पाव फेरा... आणि जमलं. चारही तारा सारख्या बोलायला लागल्या, स्वच्छ, पोटात जाणवेल अशा. म्हटलं, आता बघू कोण डाव्या हातानं करतंय.

दुसऱ्या दिवशी सराव. पहिल्याच गाण्यात नणंदबाई थांबल्या. "वहिनी, तू आज मागे का राहतेयस?" मी कुठे मागे? ह्यांनीही काठ्या खाली ठेवल्या. "मलाही वाटलं. ओढून धरल्यासारखं होतंय." जावई हसले. "वहिनींची गाडी आज चढावर आहे." आणि मला दाखवायला म्हणून त्यांनी हौसेनं कीबोर्डातलं ते टिकटिक लावलं, ताल मोजणारं. पुन्हा गाणं सुरू. टिकटिक आणि मी, मी आणि टिकटिक, जशा काही सख्ख्या बहिणी... आणि हे दुसऱ्या कडव्यात सुटले ते थेट उतारावर, जावयांचा डावा हात उजव्याच्या मागे धापा टाकतोय, नणंदबाई वरच्या सुरावर चढल्या त्या माझ्या सुराच्या बोटभर खालीच उभ्या. माझं गाणं टिकटिकबरोबर संपलं. बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं संपवलं.

शेवटी हे म्हणाले, "त्या टिकटिकची बॅटरी उतरली असेल."

"ते विजेवर चालतं," जावई म्हणाले.

नणंदबाईंचा चेहरा मात्र खरंच पडला होता हो. "वहिनी, मी नेहमीच अशी गाते का गं?" आता काय सांगायचं? बेसवाल्याला सगळ्यांचं ऐकू येतं, त्याचं कुणाला येत नाही. म्हटलं, "छे गं, आजच जरा."

मग जावयांनी घसा साफ केला. "वहिनी, बेस तुमच्याकडेच राहू द्या. डावा हात माझा... जरा दुखतो. शिवाय पोस्टरवर चौघांचे फोटो छापलेत. फक्त तो पिकअप तेवढा खाली घेता का?"

"किती?"

"पाव फेरा."

घेतला. वाजवला. "अजून पाव," हे म्हणाले. घेतला. मग नणंदबाई, अगदी हळू, खाली बघत, "वहिनी, अजून थोडा?" तिच्याकडे बघितलं आणि तोही घेतला. काय करणार, गायचं तिला होतं.

कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, टाळ्या झाल्या, हे दोनदा वाकले. मी खाली उतरले तर पहिल्या रांगेतल्या एक बाई मुद्दाम जवळ आल्या. "छान झालं हो सगळं. तुम्ही काय, नुसती गिटार धरून उभ्या होतात का?"

हो म्हटलं. जड असते. कुणीतरी धरायला हवी ना.