पाण्याच्या बाटलीतलं मिथेनॉल

ह्यांचं बायोडिझेल एकदाचं जमू दे, म्हणून मी देवीला निर्जळी मंगळवारांचा नवस बोलले होते. बोईसरच्या कारखान्यातून घरी आले की हे मागच्या पडवीत बसून वडे तळलेल्या तेलात मिथेनॉल नावाचं रसायन घालून त्याचं डिझेल करायचे. एका वेळी पेलाभर, नुसतं करून बघायला.

अशाच एका मंगळवारी एडवणहून माझी मावसबहीण सुमन आली. उन्हातून आलेली, तिने आल्या आल्या ओट्यावरची पाण्याची बाटली उचलली. झाकण उघडतेय तोच पडवीतून हे ओरडले, "सुमनताई, ती नको! मिथेनॉल आहे त्यात, विष आहे!"

सुमनने बाटली खाली ठेवली. पण तोंड गप्प बसेल तर ना! "भावजी, आमी पावण्यांना पाणी देतो. तुमच्यात ह्ये देतात काय?"

मी म्हटलं, "अहो, पाण्याच्या बाटलीत विष भरतं का कुणी?"

"बाटली स्वच्छ होती. झाकणही घट्ट आहे."

"पण धोक्याचं चित्र असलेला त्याचा स्वतःचा कॅन होता ना?"

"तो ओट्यावर नको, असं तूच म्हणालीस."

देवा रे! मी कॅन बाहेर न्या म्हटलं, तर ह्यांनी कॅन तेवढा बाहेर नेला आणि विष ओट्यावरच ठेवलं! माझा मंगळवार निर्जळी नसता, तर सकाळीच मी ती बाटली तोंडाला लावली असती.

तेव्हापासून पाण्याची बाटली रिकामी झाली की मी तिला आधी सुरीने भोक पाडते. तुमच्या घरी कुणी असले प्रयोग करत असेल, तर बायांनो, तुम्हीही पाडा. देवी बिचारी कुठे कुठे बघेल?