मोठ्या डिकीची गाडी

मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात बसस्टँडमागे गाड्या भाड्याने देणारं एक ऑफिस आहे. तिथे रांगेत माझ्यापुढे विल्बर्थ नावाचा एक माणूस आणि त्याची म्हातारी आई उभे होते.

"आई, तिथे खुर्चीवर बस ना जरा."

"बसले की उठवायला तूच लागशील. तू आधीच दमलायस."

"मी कुठे काही बोललो?"

"तेच म्हणते. सकाळपासून गप्पच आहेस. जायचं कुठून?"

"जुन्या रस्त्याने. वाटेत एसेलचाकानला थांबून कोचिनिता खाऊ, तिथलं भाजलेलं डुकराचं मटण तुला आवडतं ना. संध्याकाळपर्यंत कांपेचेला, निदियाकडे. दोन दिवस लेकीकडे राहा, समुद्र बघ."

"दोन दिवस?"

"दोनच दिवस."

"मग माझं शिलाई मशीन कशाला बांधून ठेवलंयस?"

"निदियाला हवंय."

"निदियाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"शिकेल आता."

"पन्नाशीला आली."

"आई, सरक पुढे. आपला नंबर आला."

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. "लहान गाडी चालेल?"

"नको, मोठ्या डिकीची द्या."

"चालवणार कोण?"

"मीच."

"आणि रविवारी परत आणताना?"

"तेव्हाही मीच. एकटाच आहे."

मुलगी लिहीत राहिली. विल्बर्थ खिशात काहीतरी शोधू लागला. म्हातारी काउंटरला टेकून पुढे वाकली.

"पोरी, गाडीतला रेडिओ चालतो ना गं? एकटा असला की याला डुलकी लागते."