बक्कलाला बांधलेला कलावा

मोठ्यांचा मान ठेव म्हणता ना? मग आमच्या नानाकाकांची गोष्ट ऐका.

सिंहस्थाच्या आधी क्षिप्रेवर आम्हा स्वयंसेवकांचं बचावाचं ट्रेनिंग चाललं होतं. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा. पहिला धडा हाच, की थकलेला पाणबुड्या वर आला की आधी त्याच्या पट्ट्याचं बक्कल खेचायचं. वजन पडलं की माणूस तरंगतो.

आमच्या स्वयंसेवक समितीचे अध्यक्ष नानाकाका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी घाटावर सगळ्या सामानाची पूजा केली आणि प्रत्येक बक्कलाला कलावा, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधला, गाठीवर गाठ मारून.

मी म्हटलं, "काका, इथे नका बांधू. बक्कल उघडणार नाही."

"कॉलेज सोडून बसलेल्यांनी मला अक्कल शिकवू नये."

ट्रेनिंग देणारे सर माझ्या कानात म्हणाले, "रहने दो यार, अध्यक्षजी हैं."

सरावात माझा जोडीदार दिल्या थकल्याचं नाटक करत वर आला. मी बक्कल खेचलं, ते हलेना. ओला धागा आणखीच आवळला होता. वजनाने दिल्या पुन्हा खाली जायला लागला, तोंडातली नळी सुटली, नाकातोंडात पाणी गेलं, नाटक तिथेच संपलं. मी चाकू काढून धागा कापला, तेव्हा कुठे पट्टा खाली गेला आणि दिल्या वर आला.

तो घाटावर पाणी ओकतोय आणि काका माझ्यावर ओरडतायत, "पूजेचा धागा कापलास? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "उद्या तुम्ही उतरा. कलावा मी बांधतो."

तर सगळ्यांसमोर म्हणतात, "मूर्खा, मला पोहता कुठे येतं!"