तिसरं मागणं

(मार्चमधली दुपार. गावाबाहेर सागिंदिकचा तबेला. त्याचा चोवीस वर्षांचा भाचा ओल्जास शहरातून आलेला. बस म्हटलं तरी तो बसलेला नाही.)

सागिंदिक : ...म्हणून सांगतो, गाभण घोडीकडे असं टक लावून बघू नये.

ओल्जास : मी तिच्याकडे बघत नाहीये, मामा.

सागिंदिक : मग कुंपणाभोवती चार फेऱ्या कशाला मारल्यास? बाजारात गिऱ्हाईक मारतं तशा.

ओल्जास : बसवत नाही.

सागिंदिक : न बसवायला काय झालं? तिसरं मागायला आलायस, दुसरं काय. सहा वर्षांचा होतास तेव्हा शिकारी कुत्रीचं पिल्लू नेलंस. अठराव्या वर्षी शिंगरू नेलंस. भाच्यानं तीनदा मागावं आणि मामानं नाही म्हणू नये, हा नियम ज्यानं केला ना, त्याला बहीण नसावी.

ओल्जास : शिंगरू कॉलेजच्या फीसाठी नेलं होतं.

सागिंदिक : हो, आणि आठ दिवसांत हातात नवा फोन आला होता. मी विचारलं नाही, एवढंच.

ओल्जास : तो हप्त्यावर घेतला होता. तिथूनच सुरू झालं.

सागिंदिक : काय सुरू झालं?

ओल्जास : आधी फोनचा हप्ता, मग गाडीचा. मग ते हप्ते भरायला कर्ज, आणि ते कर्ज फेडायला दुसरं कर्ज.

सागिंदिक : आणि आता माझी घोडी.

ओल्जास : ऐका तर. गाडी विकली. परवापासून तेलाच्या विहिरींवर कामाला चाललोय, पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस घरी. सरकारी ॲपवर लिहूनही दिलंय, की मला यापुढे कोणीही कर्ज देऊ नये.

सागिंदिक : असं लिहून देता येतं?

ओल्जास : येतं.

सागिंदिक : तुझ्या मामीचंही लिहून घे. महिन्याला एक नवी किटली येते घरात, चहा तोच.

ओल्जास : वर्षभरात सगळं फिटेल. एक सोडून.

सागिंदिक : बघ, आलास घोडीवर.

ओल्जास : उद्या तुम्ही आईबरोबर पोलीस चौकीत जाणार आहात ना?

सागिंदिक : जायलाच हवं. कुल्याशच्या नावावर कोणीतरी नऊ लाख टेंग्यांचं कर्ज उचललंय. आयुष्यभर शाळेत खडू झिजवले बाईनं, आणि पेन्शनमधून हप्ते कापले जातायत. शेजारची ती मेरुएर्त नाही का, तिच्या फोनमध्ये सारखी काहीतरी करून द्यायची. तिचंच काम दिसतंय. तुला काय झालं? पांढरा पडलास.

ओल्जास : मेरुएर्तनं नाही केलं.

सागिंदिक : तुला कसं ठाऊक?

ओल्जास : कर्ज देताना कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा तपासतात. मान डावीकडे, मग उजवीकडे, डोळे मिटायचे, उघडायचे. आईनं ते सगळं केलं. मी सांगितलं म्हणून केलं.

सागिंदिक : चाबूक त्या खांबाला टांगलाय. मी जरा लांब जाऊन उभा राहतो.

ओल्जास : मारा, मामा.

सागिंदिक : गप्प बस. मला विचार करू दे. ...घोडी ने.

ओल्जास : काय?

सागिंदिक : घोडी ने म्हणतो. तू माग, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही. रविवारच्या बाजारात नऊ लाखांना मरण नाही. पैसे भरून टाक. कुल्याशला मी सांगतो, बँकेची चूक होती, निस्तरली. चौकी नको आणि काही नको.

ओल्जास : तुमच्याकडे ही एकच दुधाची राहिलीये.

सागिंदिक : घोडीचं दूध पिऊन अमर झालेला एक माणूस मला दाखव. माग लवकर.

ओल्जास : आणि मेरुएर्त?

सागिंदिक : तिचं काय?

ओल्जास : तिची दुकानातली नोकरी गेली. आईनंच मालकाला जाऊन सांगितलं, असली मुलगी गल्ल्यावर ठेवू नका म्हणून. आता बँकेची चूक म्हटलं तर लोक म्हणतील, पोरीनं भिऊन गुपचूप भरले.

सागिंदिक : लोक चार दिवस बोलतात.

ओल्जास : ती आमच्याच इमारतीत राहते, मामा. काल जिन्यानं वर जाताना तिनं बाजूला होऊन मला वाट दिली.

सागिंदिक : मग तुला हवंय तरी काय? आता मलाही इथे उभं राहवेना.

ओल्जास : मी आत्ता आईला फोन लावतो. तुम्ही इथून हलायचं नाही. आणि मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. माझी बाजू घ्यायची नाही, सावरून घ्यायचं नाही.

सागिंदिक : घोडी ने रे बाबा.

ओल्जास : हेच माझं तिसरं मागणं.

सागिंदिक : असलं काही मागत नाही कोणी.

ओल्जास : मी मागतोय.

सागिंदिक : ...लाव.

कुल्याश : ओल्जास? बरं झालं फोन केलास. मामाला म्हणावं, उद्या नऊलाच ये, नंतर चौकीत गर्दी होते. सकाळी मेरुएर्तची आई दारात येऊन रडत होती. मी दार उघडलं नाही.

ओल्जास : आई, चौकीत माझं नाव सांग.

कुल्याश : तुझं कशाला?

ओल्जास : ते पैसे मी काढले. ऑक्टोबरात. तुझ्या फोनवरून.

कुल्याश : असली चेष्टा करू नये.

ओल्जास : तुला मान डावीकडे कर, उजवीकडे कर म्हटलं होतं, आठवतंय?

कुल्याश : तू माझा फोटो काढत होतास.

ओल्जास : नाही, आई.

कुल्याश : तू आहेस कुठे? घोडं फुरफुरतंय. सागिंदिक, तू आहेस ना तिथे? हा काय बोलतोय? अरे, बोलत का नाहीस?

ओल्जास : त्यांना मीच बोलू नका म्हटलंय.

कुल्याश : तू मला खिडकीशी उभं केलंस. उजेडात ये म्हणालास.

ओल्जास : हो.

कुल्याश : मी म्हटलं, थांब जरा, डोक्याचा रुमाल विटलाय. आत जाऊन चांगला शोधून बांधून आले.

ओल्जास : हो, आई. मी थांबलो होतो.